वीतभर अंतर

काउंटरवर बशी आदळली तशी रसायनांच्या दुकानातला तरुण दचकून उभाच राहिला.

"ही तुमची कथिलाची भुकटी! मला भांड्यांवर दुधासारखी पांढरी झिलई हवी होती. आणि हे बघा!"

बशीची एक कड गुलाबी झाली होती. बशी आणणारी, चिनी मातीची भांडी घडवून भाजणारी भट्टीवाली तर रागानं त्याहून लाल. त्यानं बशी उलटसुलट करून पाहिली.

"भट्टीत शेजारी हिरवं काही होतं का?"

"होता एक वाडगा. त्याचं काय?"

"हिरव्यात क्रोमियम असतं. भट्टी तापली की त्याची वाफ होते आणि शेजारच्या पांढऱ्यावर जाऊन बसते. मग ते कथिलाचं पांढरं असं... लाजतं."

"म्हणजे दोष भुकटीचा नाही, शेजाऱ्याचा!" ती म्हणाली, आणि हसू लपवायला पिशवीत डोकं घातलं.

त्यानंतर तिचं दर आठवड्याला काहीतरी संपू लागलं. फिरोजीसाठी तांबं, तपकिरीसाठी लोह... वर्षभर पुरेल इतका कोबाल्ट तिनं निळ्यासाठी म्हणून महिन्यात चारदा नेला. पण हा गडी तराजूवरून मान वर काढील तर शपथ!

मग एका मंगळवारी त्यानं हिरवी झिलई लावलेला एक कप पुढे केला. "मी घडवलाय. भाजून द्याल? सोमवारी मी दुसऱ्या गावी चाललोय, कारखान्यात नोकरी लागली. आणि... पांढऱ्यापासून वीतभर लांब ठेवा हं."

घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. तो बोलणार नाही. मग आपणच बोलायचं. तिनं आपल्या हातची सगळ्यात सुबक पांढरी बरणी त्या कपाशेजारी ठेवली.

"अगं, बरणी वाया जाईल!" तिची ताई ओरडली.

"जाऊ दे," म्हणत तिनं भट्टीचं दार लावलं.

शनिवारी तो कप न्यायला भट्टीवर आला, तेव्हा तिनं त्याच्यासमोरच दार उघडलं. कप हिरवागार. बरणी पांढरीशुभ्र, फक्त कपाकडची बाजू गुलाबी.

"मी वीतभर सांगितलं होतं..."

"ऐकलं होतं. दोन बोटांवर ठेवला. मुद्दाम." तिनं थेट त्याच्याकडे पाहिलं. "मला तुम्ही आवडता. सोमवारच्या आत तुम्हाला हे कळायला हवं होतं."

त्याचे कान बरणीहून गुलाबी झाले. "झिलईत क्रोमियम मी जरा जास्तच घातलं होतं," तो पुटपुटला. "म्हटलं, तुम्ही खरंच वीतभर लांब ठेवलात तर... तेवढ्यावरूनही पोचावं."

"आणि सोमवारचं?"

"सोमवारी जातो. शनिवारी येतो. दर शनिवारी. कप इथेच राहू दे."

तिनं कप उचलला आणि बरणीला अगदी खेटून ठेवला.