धाकटीला खुर्चीवर बसवणे

लाइट गेलीय ना, जाऊ दे. बाहेर सकाळचे सात वाजलेत, या चहाच्या खोलीला खिडकी नाही म्हणून असला अंधार. तो चार्जिंगचा दिवा ओट्यावर ठेव आणि तू बस त्या स्टुलावर. मी उभीच बरी. गुडघे ठणकताहेत मेले, पण उभीच बरी. का ते सांगते. तू नवीन आहेस, माझ्यामागे ही किटली तुझीच. ठाऊक असलेलं बरं.

आपली कंपनी पाट्या बनवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या. मी आले तेव्हा दोन खोल्या आणि सात माणसं. कोणतं काम कुणाकडे, कुठवर आलंय, सगळं एका लाकडी फळ्यावर. चिठ्ठी लिहायची, टाचायची. ज्यानं काम अंगावर घेतलं त्यानं चिठ्ठीचा कोपरा दुमडायचा. झालं की काढून टाकायची. आणि या फळ्याची मालकीण कोण? माझी थोरली जाऊ.

तिनंच मला इथं चिकटवलं, ते खरं. पण ती दहावी झालेली, मी चौथीत शाळेला रामराम ठोकलेला. ती चाकांच्या खुर्चीत, मी किटली धरून उभी. घरी सासू तिला विचारून मीठ टाकायची, इथं साहेब तिला विचारून शिंकायचे. वर सगळ्यांदेखत म्हणायची, "धाकटे, चहा गार झालाय गं." पोटात असा जाळ उठायचा, त्यावर आणखी एक किटली उकळली असती.

मीही काही कमी नव्हते. तिच्या चहात मीठ घाल, खुर्चीच्या चाकाला सुतळी गुंडाळ, चालूच असायचं. एक दिवस तिच्याच पेनानं चिठ्ठी लिहिली. काम : थोरलीला खुर्चीवरून उठवणे. कोणाकडे : धाकटी. दिली टाचून.

तिनं वाचली. चिडली असती तर बरं झालं असतं. हसली. म्हणाली, "काम तुझं ना? मग कोपरा दुमड की."

मी दुमडला.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, ती खुर्चीतच कलंडली. डॉक्टर यायच्या आत आटपलं सगळं. काखेत हात घालून तिला उठवलं कुणी? मीच. तिच्या मानेला बामाचा वास येत होता, तो अजून माझ्या नाकात आहे. रडत होते गं मी, खोटं नाही सांगत. पण रडता रडता एक डोळा खुर्चीवर होता.

फळा माझ्याकडे आला. अक्षरं अडखळायची, पण चिठ्ठ्यांच्या रंगावरून कळायचं. "मावशी, शाळेच्या पाट्या कुठवर आल्या?" असं कुणी विचारलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. खुर्चीत मात्र बसले नाही. एकदा टेकायला गेले, तर गादी गरम लागली. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी... तेव्हापासून नाही.

मग कंपनी वाढली. तीन मजले, एका वेळी पन्नास कामं. आणि एका हॉटेलच्या जेवणघरावर लागली पाटी, 'शस्त्रक्रिया विभाग'. हसू नकोस. चिठ्ठीचा रंग चुकला होता माझा.

साहेब म्हणाले, "मावशी, आता सॉफ्टवेअर. सगळी कामं एकाच ठिकाणी, पडद्यावर." बाहेर भिंतीवर बघितलास ना, खाटेएवढा? काम पूर्ण झालं की टिंग वाजतं, आणि त्याला जोडलेलं पुढचं काम आपोआप चालू. थोरली गेली तर ही काचेची सवत आली! आता सगळे मान वर करून तिच्याकडे बघतात, माझ्याकडे फक्त कप पुढे करतात.

चष्मेवाली मुलगी फळ्यावरच्या चिठ्ठ्या त्यात भरत होती. "एकही काम सुटता कामा नये," साहेबांनी बजावलेलं. फळा भिंतीवरून उतरवला आणि मागून एक चिठ्ठी पडली. कोपरा दुमडलेली.

"मावशी, ही धाकटी कोण?"

"असेल कुणी," मी म्हटलं.

तिनं तीही भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी केर काढत होते, तर मागे टिंग. पडद्यावर एकेक अक्षर लावून वाचलं. थोरलीला खुर्चीवरून उठवणे. पूर्ण.

खाली नवीन ओळ. धाकटीला खुर्चीवर बसवणे. कोणाकडे : थोरली. दहा टक्के.

चष्मेवाली आली तशी तिला ओढत नेलं. तिनं वरखाली सगळं बघितलं. "मावशी, असं काही नाहीच यात. चष्मा मी लावते, पण गरज तुम्हाला आहे."

मला वाटलं, कुणीतरी माझीच खोडी माझ्यावर उलटवतंय. पण रोज सकाळी सातला ती ओळ असायची, नऊला माणसं आली की गुल. वीस टक्के. चाळीस. आणि खुर्ची... ती पडद्याखालच्या कोपऱ्यात असायची. चाळीसला छपाईच्या दाराशी सापडली. सत्तरला जिन्याजवळ. मी रोज ढकलून परत नेते. सकाळी ती पुन्हा कालच्यापेक्षा दोन पावलं पुढे.

काल नव्वद होते. खुर्ची या उंबऱ्यावर होती. हो, याच.

समजलं का? ती मला मारायला येत नाहीये. आयुष्यभर मी जे मागितलं तेच ती द्यायला येतेय. थोरली ना ती! देतानाही वरचढ. म्हणून ठरवलंय, काही झालं तरी बसायचं नाही. घरीसुद्धा जमिनीवर आडवी होते, बसत नाही.

आज बरंय. पहाटेपासून लाइट नाही, पडदा बंद. म्हटलं, आज तिचीही सुट्टी, माझीही. म्हणून तर एवढं बोलतेय निवांत...

बामाची बाटली उघडलीस का गं तू? नाही? मग राहू दे. पत्तीचाच वास असेल. उतू जाईल बघ, गॅस बारीक कर.

काय झालं? अशी काय बघतेस माझ्याकडे? दिवा खाली कशाला धरतेस?

थांब... माझे गुडघे दुखायचे कधी थांबले?

अगं, बोल की काहीतरी. मी उभीच आहे ना? तू स्टुलावर, मी उभी... मग तुझं तोंड माझ्या तोंडासमोर कसं?

पाठीला गरम लागतंय.

हात दे. हात दे मला, उठव... काखेत हात घाल... नको, तू नको घालूस! दूर हो. तुझ्या नावावर काम लागेल.

ऐकलंस? बाहेर... लाइट नाही ना आलेली?

टिंग वाजलं.