‘रॅशनाल’चा रकाना

त्याच्या पेनचं टोक कागदापासून दोन मिलिमीटरवर थांबलं होतं. अकरा सेकंद. प्रयोगशाळेत राहून मोजायची सवयच लागते.

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचे नमुने आमच्याकडे तपासायला येतात. हा नवा माणूस एका क्लिअरिंग एजंटकडचा. खजुराची फेरतपासणी हवी होती. फॉर्मवर ‘रॅशनाल’ नावाचा रकाना असतो. त्यात त्याने शेवटी लिहिलं – ‘साहेबांनी सांगितलं म्हणून.’

“हे चालणार नाही,” मी खिडकीतून फॉर्म परत सरकवला.

“का मॅडम? खरंच साहेबांनीच सांगितलंय की.”

“ते नुसतं कारण झालं. रॅशनाल म्हणजे निर्णयाखालचा सगळा विचार. कशाच्या आधारावर, आणि दुसरं काही का नाही...”

“एवढ्याशा रकान्यात?”

तो हसला. मी घाईने माझं पेन शोधू लागले... ते हातातच होतं.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला. शिवतेज त्याचं नाव.

“लॅटिनमधला शब्द आहे तो,” नमुना ठेवायच्या आधीच तो म्हणाला. “मूळ ‘रॅशिओ’. म्हणजे हिशोब, आणि विचारसुद्धा. सतराव्या शतकात इंग्रजीत आला.”

“पाठ केलंत?”

“पनवेलपासून इथपर्यंत, बसमध्ये. तुमी परीक्षा घेणार याचं टेन्शन होतं.”

त्याच्या पुढच्या बुधवारी नमुन्यासोबत एक चिठ्ठी आली. ‘विनंती – एक कटिंग चहा. रॅशनाल – एकट्याने प्यायला तर बेचव लागतो. दोनदा पडताळलंय.’

मी खाली लिहिलं, ‘दोन चाचण्या अपुऱ्या. आणखी घ्याव्यात.’

मग आम्ही चार महिने चाचण्या घेतल्या – गेटबाहेरच्या टपरीवर, कंटेनरच्या ट्रेलरांची धूळ खात. एका बुधवारी त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हणाले, विचार करून सांगते. सहा आठवडे झाले, मी वहीत मुद्देच लिहितेय.

आज तो टपरीवर मोबाइल तळव्याने झाकून उभा होता.

“साताऱ्याहून आप्पांचा फोन आहे. रविवारी कराडला मुलगी बघायला नेतायत. संघमित्रा... काय सांगू?”

“माझं पूर्ण नाही झालं अजून. आमच्या घरी बुद्धवंदना, तुमच्याकडे खंडोबा. माझी आई, तुझे आप्पा, तुझी भावकी – विरुद्ध चौदा मुद्दे आहेत, शिवतेज.”

“आणि बाजूने?”

“एकच.”

“कुठला?”

“बुधवारी मला गजराच्या आधी जाग येते.”

तो हसला नाही. कान मात्र लाल झाले.

आणि मला एकदम दिसलं – त्या चौदा मुद्द्यांत लोक काय म्हणतील ते होतं, काय जड जाईल ते होतं. तो नको, असं एकाही ओळीत नव्हतं. मी विचार करत नव्हतेच. विचार केव्हाच झाला होता. मी नुसती घाबरले होते. आणि आता चक्क मजा येत होती!

“दे इकडे,” मी हात पुढे केला.

“अगं, आप्पा आहेत—”

मी फोन कानाला लावला.

“शिवा? आरं, ऐकतोयस न्हवं?”

“आप्पा, नमस्कार. मी संघमित्रा बोलतेय. शिवतेज कराडला येणार नाही... मी त्याच्याशी लग्न करणार आहे.”