शेजारची खाट

पुरानंतर शाळेच्या इमारतीत थाटलेल्या त्या दवाखान्यात ऑक्सिजनचं यंत्र एकच उरलं होतं आणि गरज होती दोघांना. एक नुकतीच बाळंत झालेली मुलगी. तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा. जन्मभर बस चालवलेले, आता छातीनं जेरीस आणलेले. यंत्र कुणाला लावायचं, हे डॉक्टरबाईंना ठरवायचं होतं. सकाळी त्या आजोबांच्या उशाशी जाऊन बसल्या आणि त्यांची नाडी बघू लागल्या.

"अगं पोरी, तोंड का पाडतेस?" आजोबाच धापा टाकत म्हणाले. "तिला चढू दे आधी. तिच्या कडेवर लेकरू आहे. माझी गाडी काय... येईल मागनं."

बाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं, गालावरून हात फिरवला आणि नळी मुलीच्या नाकाला लावली. मग आजोबांच्या खाटेकडे बघायचं टाळत राहिल्या.

दुपारी जनरेटर बंद पडला. पंखे थांबले. यंत्राची घरघर थांबली. मेकॅनिक आवारात खटपट करत होता, इकडे मुलीचे ओठ निळे पडू लागले. बाईंनी हातानं दाबायची हवेची पिशवी तिच्या तोंडाशी धरली, तरी निळेपणा ओसरेना.

"माझ्याबरोबर घे, बाळा," शेजारून आजोबांचा आवाज आला. "घे... सोड. घाई नको. घे... सोड."

आवाजात धाप नव्हती. मुलगी त्या तालावर श्वास घेऊ लागली. ओठांवर हळूहळू लाली आली. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चढत गेला. इतक्या भराभर चढायला नको होता.

"आजोबा, कमाल केलीत हं!" बाईंनी हसत मागे वळून त्यांचा हात धरला.

हात गार होता. बोटं ताठ झाली होती. कोपर वाकेना.

असं व्हायला किती तास जावे लागतात, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

सिस्टरनं आजोबांच्या चेहऱ्यावर चादर ओढली. "व्हरांड्यात तापाचा पेशंट फरशीवर पडलाय, बाई. खाट रिकामी करू?"

बाई चादरीकडे बघत होत्या. तोंडापाशी ती किंचित वर व्हायची, मग बसायची. मुलीच्या छातीबरोबर.

पंखा बंदच होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला माझं अंथरूण घाल."

त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि आजोबांचा ताठ हात दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिल्या.

"बाई," मुलीनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "वीज कधी येणार?"

"येईल. का गं?"

"आजोबा विचारतायत. दमले म्हणे."