देवीदास मिस्त्रीनं काढलेला बल्ब

अकोल्याहून बाळापूरकडे जाताना शहर संपतं न संपतं तोच उजव्या हाताला देवीदास मिस्त्रीचं गॅरेज लागतं. पत्र्याचं छप्पर, कडुलिंबाखाली पाण्याचा माठ, आणि दारात कायम एखादा म्हातारा ट्रक बॉनेट उघडून उभा. कॉम्प्युटर लावून बिघाड सांगणाऱ्यांची देवीदासला चीड होती. त्याची रीत साधी. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि बघायचं. जी बदलल्यावर दुखणं थांबतं, दुखणं तिच्यातच.

दुसरी चीड बल्ब काढणाऱ्यांची. ब्रेकचा लाल दिवा लागला की या रस्त्यावरचे निम्मे मिस्त्री सरळ डॅशबोर्डमधला बल्बच काढून देतात. दिवा विझला, मालक खूश. देवीदासनं तीस वर्षांत असा एकही बल्ब काढला नव्हता, आणि हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. ऐकून ऐकून लोक कंटाळले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात केशवरावांचा ट्रक क्रेननं ओढून आणला. केशवराव बाळापूरचे सरकी-ढेपेचे व्यापारी. ट्रक वीस वर्षांचा, आणि त्यावरचा ड्रायव्हर शिवम म्हणजे देवीदासचा जावई. पातूरच्या घाटात ब्रेक लागले नाहीत आणि गाडी समोरून कठड्यावर आदळली. शिवम घाटातून पायी पातूरला आला आणि तिथून बसनं घरी. अंगावर ओरखडासुद्धा नाही. देवीदासच्या एकुलत्या एका मुलीनं, आचलनं, नवऱ्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तिला सातवा महिना लागला होता.

देवीदासला आनंद झाला तो खराच. पण गाडी त्यानं स्वतःच्या हातानं खोलली होती. स्टिअरिंग मागे सरकून सीटच्या पाठीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं होतं. वीतभर जागेतून माणूस कसा निघाला, हे त्यानं कुणाला विचारलं नाही.

"मिस्त्री, डायवर कोन्त्या दवाखान्यात हाय?" साखळी सोडताना क्रेनवाल्यानं विचारलं होतं.

"घरी हाय. काई झालं नाही त्याले."

क्रेनवाल्यानं एकदा चेपलेल्या केबिनकडे बघितलं. मग साखळी गुंडाळून निघून गेला.

काम आठ दिवस चाललं. स्टिअरिंग सरळ केलं. पुढच्या डाव्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, तडकला होता, म्हणून नवा हब आणला, नव्या बेअरिंगा घातल्या, ग्रीस भरलं, ब्रेकचे लायनर बदलले, हवेची नळी बदलली. इंजिन चालू केल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा आठावर चढला, म्हणजे हवा पुरी; लाल दिवाही लागला नाही. देवीदासनं हात पुसले.

शिवम गाडी न्यायला आला, सीटवर बसला, आणि दिवा लागला.

"मामाजी, लाल दिवा लागून राहिला."

काटा आठावरच होता. देवीदासनं दिव्याचं बटण बदललं, वायर नवी ओढली. तरीही शिवम बसला की दिवा लागे. त्याला वाटलं, चाकात काहीतरी अडकत असेल.

"बाळापूरपर्यंत जाऊन या, जवाईबुवा. ब्रेक मारत मारत जा."

सव्वा तासानं ट्रक परत आला. गाडी थांबली की ड्रायव्हरनं खाली उतरून हबला हात लावायचा, ही या धंद्यातली जुनी सवय. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर बेअरिंग गेली. शिवम उतरला नाही, म्हणून देवीदासनंच डाव्या हबवर तळवा ठेवला.

हब गार होता. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. उन्हात पडलेला पाना फडक्याशिवाय उचलता येत नव्हता. हा हब मात्र माठासारखा गार होता आणि माठासारखाच बाहेरून पाझरत होता. देवीदास चारी बाजूंनी फिरला. सगळी चाकं गार. मीटर पन्नास किलोमीटर पुढे गेलं होतं.

"बाळापूरले गेलते ना?"

"गेलतो ना. नाक्यावर कोनी वळखलंच नाही मले, मामाजी. हात केला, तरी कोनी पायलं नाही." शिवम हसला. "गाडीवर बसलो की बरं वाटते. घरी जीव लागत नाही."

देवीदासनं पुन्हा आपली रीत धरली. हब बदलून झाला होता. बटण झालं, वायर झाली, नळी झाली. आता बदलायला एकच वस्तू उरली होती. त्याला ते करायचं नव्हतं, पण हातांना दुसरं काही येत नव्हतं.

त्यानं शिवमला खाली उतरवलं. दिवा विझला. तो स्वतः बसला. विझलेलाच. केशवराव चौकशीला आले होते, त्यांना चढवून बसवलं. विझलेलाच.

शिवम बसला. लागला.

शेजारी दुसरा एक ट्रक उभा होता, बार्शीटाकळीचा, ठणठणीत. देवीदासनं शिवमला त्यात बसवलं.

तिथलाही दिवा लागला.

"बल्ब काढून टाक ना, मिस्त्री," केशवराव वैतागले. "वाशिमले ढेप पोचवाची हाय. नाही तर मी दुसरा डायवर पायतो."

देवीदास कडुलिंबाखाली जाऊन बसला. जावयाला समोर बसवून त्या वीतभर जागेबद्दल विचारायचं, असं त्यानं ठरवलं.

तिन्हीसांजेला आचल डबा घेऊन आली. शिवम नळावर हातपाय धूत होता. ती बापाजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, काढून टाका तो दिवा."

"तुले कोनं सांगितलं?"

"दिव्याचं त्यायनंच सांगितलं. बाकी मले कोन सांगीन? रात्री दोन-दोन चादरी टाकल्या म्या त्यायच्या अंगावर. उन्हायात." तिनं डबा खाली ठेवला. "त्यायले काई इचारू नका, बाबा. इचारलं तर जातीन ते. लेकराचं तोंड तरी पाहू द्या."

देवीदासनं लेकीच्या पोटाकडे बघितलं. आठ दिवसांत ती किती वाळली होती, हे त्याला आत्ता दिसलं.

तो केबिनमध्ये चढला. डॅशबोर्डमागे हात घातला, होल्डर चाचपला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बल्ब पिळून बाहेर काढला.

"गेला ना, मामाजी?" शिवमनं खालून विचारलं.

"गेला."

शिवम वर चढला. देवीदास उतरून बाजूला झाला. ट्रक हलला आणि रस्त्याकडे वळायला लागला.

देवीदासनं हातातला बल्ब गॅरेजच्या पाटीवरच्या दिव्याच्या उजेडात धरला. आतली तार तुटलेली होती. काच आतून काळी पडली होती. असा बल्ब कित्येक वर्षांत लागलेला नसतो.

त्यानं वर बघितलं.

वळणावर ट्रकची केबिन त्यांच्या समोर आली. आत शिवमच्या हनुवटीवर लाल उजेड होता.

आचलनं हात हलवला. शिवमनं तिच्याकडे बघितलं, मग खाली डॅशबोर्डकडे. तिला दिसू नये म्हणून त्यानं घाईघाईनं डावा तळवा त्या दिव्यावर ठेवला.

उजेड हनुवटीवर तसाच राहिला.