मधली रेघ

मी चांदीची नाणी जमवतो, तीही फक्त खेळांची. कुस्ती, हॉकी, क्रिकेट. बारामतीत पदार्थविज्ञान शिकवून उरलेला वेळ आणि, आमच्या बायकोच्या, श्यामलाच्या मते, उरलेली अक्कल त्यातच जाते.

श्रावणात पळसदेवहून झुंबरतात्या आले. त्यांचा सिद्धू कबड्डीतला चढाईपटू. उजनीच्या पाण्यात बुडी मारली, तो वर आलाच नाही. सापडलाही नाही. एका कबड्डी स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवात त्याला मिळालेलं चांदीचं नाणं तात्यांनी टेबलावर ठेवलं. सात जणांची साखळी, बारीक कोरलेली मधली रेघ आणि साखळी चुकवून रेघेकडं परतणारा चढाईपटू.

"सर, ह्यो सिद्धूच हाय. हलतोय. तुमच्याकडं भिंग हाय, मोजा."

पुत्रशोक, दुसरं काय! तरी नाणं ठेवून घेतलं आणि मोजलं. पायापासून रेघेपर्यंत चार मिलिमीटर. पंधरा दिवसांनी तीन पूर्णांक एक. कॅलिपर बदलला, तरी तेच. खरं सांगू? भीतीपेक्षा मला मजाच जास्त वाटत होती.

तात्या दर बाजाराला यायचे. दारातूनच विचारायचे, "किती राह्यलं?"

"दोन."

"दम लई हाय त्याचा," म्हणत चहा न घेताच जायचे.

दिवाळीला अर्धा मिलिमीटर उरला. आणि लक्ष्मीपूजनासाठी श्यामलानं घरातल्या चांदीबरोबर तेही नाणं चिंच लावून राखेनं लख्ख घासलं. जमवलेलं नाणं कधी घासायचं नसतं, हे मी शहाण्यानं वीस वर्षांत बायकोला एकदाही सांगितलं नव्हतं. माणसं शाबूत होती. रेघ गेली होती.

तात्यांना काय तोंड दाखवू? ते आले, भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"रेघ न्हाय, तर यील कुठं त्यो?"

मग त्यांनी देव्हाऱ्याजवळची रांगोळी घेतली आणि आमच्या हॉलमध्ये आडवी रेघ ओढली. पलीकडं नाणं ठेवलं, अलीकडं सतरंजीवर स्वतः बसले. श्यामला स्वयंपाकघराच्या दारात रडत उभी राहिली.

दुपार झाली. पंखा बंद होता.

रांगोळीची रेघ एका जागी पायाच्या अंगठ्याएवढी विस्कटली.

"आलास व्हय रं?" तात्या हसले आणि सरकून जागा केली. त्यांच्याशेजारी सतरंजी हळूच दबली.

मी नाणं उचललं.

भिंगाखाली सिद्धू तिथंच होता. साखळीत सहा जण उरले होते.