धरलेली जागा

विद्याधरराव नाबर कुठे उभे राहिलेत, असं मुलुंड पूर्वेला कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. दवाखाना असो, लग्नाची पंगत असो, सोसायटीच्या गणपतीतला गाण्याचा कार्यक्रम असो, रावांना जागा मिळणारच. त्यांचं हत्यार म्हणजे एक भलामोठा तपकिरी चौकड्यांचा रुमाल. बाकीची मंडळी अजून दारात चपला काढतायत तोवर हा रुमाल लांबूनच नेमक्या खुर्चीवर जाऊन पडलेला असायचा. एकदा पडला की पडला. तो उचलून बाजूला ठेवायची कोणाची छाती होत नसे, कारण नंतर रावांच्या तोंडून जे ऐकावं लागे, त्यापेक्षा उभं राहिलेलं परवडायचं.

पण एक कबूल करायला हवं. जागा ते स्वतःआधी जयंतीबाईंसाठी धरत. बाईंचे गुडघे कधीचेच गेलेले, त्या मागून सावकाश यायच्या. "जयंती! इकडे ये, जागा धरलीय!" ही हाक अख्ख्या सभागृहाला ऐकू जायची. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि त्या मुकाट्याने येऊन बसायच्या. बसल्या की कमरेचा पांढरा हातरुमाल काढून चष्मा पुसायच्या. त्याला त्यांनी स्वतः विणलेली मोरपंखी लेस असायची. त्यांनी जन्मात कधी कोणासाठी जागा धरली नव्हती, तशी वेळच रावांनी येऊ दिली नव्हती.

जानेवारीत त्यांच्या मुलाने, यज्ञेशने, दोघांना अराकूच्या खोऱ्यात फिरायला पाठवलं. "जरा डोंगर बघा, कॉफीचे मळे बघा, आणि भांडू नका यार," असं त्याने विमानतळावर बजावलं होतं. दोघं विशाखापट्टणमला उतरेपर्यंत दोनदा भांडले.

खोरं सुंदर होतं यात वाद नाही. उंच सिल्व्हर ओकची झाडं, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले आणि खाली सावलीत कॉफीची झुडपं, लाल फळांनी लगडलेली. पण सगळ्यावर एक आंबूस वास होता. फळं सोलून उरलेल्या सालींचे ढीग जागोजाग कुजत पडले होते आणि तो वास कपड्यांत, केसांत, पाण्याच्या बाटलीतसुद्धा शिरत होता. फळं खुडणाऱ्या बायका मान वर करत नव्हत्या. रावांनी न विचारता फोटो काढायला मोबाईल धरला तेव्हा त्या एकदम पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे हात मात्र थांबले नाहीत.

"कसली माणसं आहेत ही! पाहुण्याकडे बघायलासुद्धा तयार नाहीत," राव म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का त्यांना?" जयंतीबाई म्हणाल्या.

जीपचा ड्रायव्हर अप्पाराव मोडकं हिंदी बोलायचा, तेही नाइलाज झाला तरच. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने दोघांना मळ्यापलीकडच्या एका आदिवासी पाड्यावर नेलं. तिथे पर्यटकांना नाच दाखवत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आधी आलेल्या एका टोळक्याने पटकावल्या होत्या आणि उरलेले लोक उभे होते. मैदानात बायकांची लांब रांग, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफलेले, ढोलाच्या ठेक्यावर वळसे घेत होती. रावांचं लक्ष नाचाकडे नव्हतं. बाजूला एका जुन्या चिंचेखाली सपाट दगडांचं एक वर्तुळ होतं. बसून बसून गुळगुळीत झालेले, ऐसपैस दगड. त्यावर कोणीच बसलेलं नव्हतं.

"एवढी जागा रिकामी आणि माणसं उभी! वेडे आहेत का हे सगळे?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, एका दगडावर नीट पसरला आणि मागे वळून सवयीने ओरडले, "जयंती! इकडे ये, जागा धरलीय!"

ढोल थांबला.

नाचणाऱ्या बायका जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, हात तसेच गुंफलेले. रांगेतून एक म्हातारी सुटून बाहेर आली, रुमालाजवळ थांबली आणि तिने रावांना आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. अप्पारावने मान खाली घालून सांगितलं, "पूछती है, किसके लिए रखा."

"मेरी बायको के लिए. जयंती."

"जयंती," म्हातारी म्हणाली. तिने नाव अगदी स्पष्ट उच्चारलं. मग तिने वर्तुळातल्या बाकीच्या दगडांकडे एकदा नजर फिरवली, जशी घरात नवीन माणूस आलं की आपण घरच्यांकडे बघतो.

तेवढ्यात जयंतीबाई गुडघा दाबत येऊन पोचल्या आणि टेकणार, तोच अप्पारावने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. "बैठना मत, अम्मा!"

राव भडकले. "हात सोड! बाईमाणसाला हात लावतोस?"

"साब, वो खाली नहीं है. गाँव के मरे लोग बैठते हैं." अप्पारावचा चेहरा रागाने काळवंडला होता. "उठा लो. आपने रखा, आपको ही उठाना पड़ेगा. अभी उठा लो."

कोणी "उचला" म्हटलं की रावांच्या अंगात यायचंच. "का उचलू? मी धरलेली जागा आजवर मी सोडलेली नाही. नाही बसायला देत ना? नका देऊ. पण रुमाल इथेच राहणार. बघू कोण हलवतो!"

"अहो, घ्या ना तो," जयंतीबाई म्हणाल्या. "मला नाही बसायचं. चला इथून."

रावांनी तो घेतला नाही. जीपकडे परत जाताना एकाही पोराने हात हलवला नाही. मागे ढोल पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलापाशी जयंतीबाई बराच वेळ उभ्याच राहिल्या. राव म्हणाले, "बस की गं."

"गंमतच आहे," त्या म्हणाल्या. "काल रात्रीपासून गुडघा दुखत नाही. उभी असले तरी बसल्यासारखं वाटतंय."

मुलुंडला आल्यावर रावांनी तसाच दुसरा रुमाल घेतला आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. निदान त्यांना तसं वाटलं. आठवड्याभरात बाईंना घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, खुर्चीवर रुमाल टाकला. जयंतीबाई टेकायला वाकल्या तोच एका तरुणाने तो उचलून रावांच्या हातात दिला आणि स्वतः बसला.

"ओ! दिसत नाही का? त्या बसतायत!"

"कोण बसतंय, काका?" त्याने विचारलं. मग बाईंकडे पाहिलं, डोळे बारीक केले, दचकला. पण उठला नाही.

शेअर रिक्षात तर कहरच झाला. मागे बाई आणि राव बसलेले, कडेला एकाची जागा. एक जाडजूड बाई आत शिरली आणि ती रिकामी जागा सोडून सरळ जयंतीबाईंच्या मांडीवर बसली. बसली ती किंचाळून उठली. "आधी कुठे होता तुम्ही? असं भुतासारखं काय बसायचं!" राव तिच्याशी स्टेशनपर्यंत भांडले. जयंतीबाई उतरल्यावर म्हणाल्या, "भांडू नका हो. तिचं काही चुकलं नाही."

मग त्यांनी बसणंच सोडलं. भाजी उभ्याने निवडायच्या, मालिका दाराच्या चौकटीला टेकून बघायच्या. रविवारी यज्ञेश आणि सून ऋता घाटकोपरहून आले, तेव्हा ऋताने जेवायची तीनच ताटं घेतली. चौथं लक्षात आल्यावर ती कानकोंडी झाली. "सॉरी हं आई, कसं काय राहिलं कळत नाही." खिडकीपाशी बाईंची वेताची खुर्ची होती. इतकी वर्षं बसून तिच्या गादीला त्यांच्या आकाराचा खळगा पडला होता. ती मंडळी गेल्यावर रावांचं गादीकडे लक्ष गेलं. गादी टम्म फुगलेली होती, दुकानातून आजच आणल्यासारखी.

त्याच दिवशी जयंतीबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असताना रावांना त्यांच्या साडीवर मागे लाल मातीचा डाग दिसला. दगडावर बसून उठल्यावर पडतो तसा. त्यांनी तो झटकला तर हाताला शेवाळाचा हिरवा तुकडा लागला. आणि वास आला, तो आंबूस वास.

"कुठे गेली होतीस तू?"

"कुठे जाणार? तिसऱ्या मजल्यावरून?" त्या हसल्या. "इथेच तर आहे. माझा तो मोरपंखी काठाचा हातरुमाल तेवढा बघितलात का कुठे? सापडत नाहीये."

रावांना आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत आपल्या घरातून जातेय आणि तिला धाडणारे आपणच, हे त्यांना लख्ख कळलं. तिच्याशिवाय हे घर, ही खिडकी, ही भांडणंसुद्धा त्यांना नको होती. त्यांनी अप्पारावला फोन लावला. रुमाल काढून टाक, म्हणून विनवलं. आजवर कोणाला विनवलं नव्हतं तसं.

"मेरे हाथ से नहीं होगा," तो तुटकपणे म्हणाला. "उस दिन बोला था. आप आओ." आणि फोन ठेवून दिला.

यज्ञेशला घरी राहायला बोलावून ते निघाले, तेव्हा जयंतीबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी रावांच्या शर्टाची कॉलर नीट केली. हात दगडासारखा गार होता. "सावकाश या," त्या म्हणाल्या. "आजवर तुम्ही फार धावपळ केलीत माझ्यासाठी."

खोऱ्यात कॉफीला फुलं आली होती. झुडपांवर नुसता पांढरा खच आणि मोगऱ्यासारखा इतका दाट वास, की जीपमध्ये डोकं दुखायला लागलं. पाड्याच्या अलीकडच्या वळणावर अप्पारावने गाडी थांबवली आणि हाताने नुसतं पुढे दाखवलं.

भर दुपार होती. राव पाड्यात शिरले तशी दारं एकेक करून लागत गेली. ओट्यावर धान्य पाखडणारी एक बाई त्यांच्याकडे पाठ करून बसली. कोणी थुंकल्याचा आवाज आला.

रुमाल दगडावर होता. इतक्या दिवसांत त्यावर पान पडलं नव्हतं, धूळ बसली नव्हती. मात्र मधोमध तो चुरगळला होता, बसून बसून चुरगळतो तसा.

रावांनी हात जोडले. कोणाला, ते त्यांनाही कळलं नाही. "चुकलो," ते म्हणाले. "सोडली जागा."

त्यांनी रुमाल उचलला.

खालचा दगड ऊबदार होता. सावलीतला दगड, आणि कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा ऊबदार.

तिथेच फोन वाजला. यज्ञेश होता. "बाबा, आई बसली! आत्ता, तिच्या खुर्चीत! चहा मागतेय. गुडघा दुखतोय म्हणते, मला शिव्या घालतेय. एकदम झकास आहे!"

रावांना रडू फुटलं. भर दुपारी, परक्या पाड्यात, हातात रुमाल धरून ते मोठमोठ्याने रडले. "दे तिला," ते म्हणाले.

"अहो," जयंतीबाईंचा आवाज आला. स्वच्छ, जवळून, नेहमीचा. "पोचलात ना? दमला असाल."

"नाही गं. आता काही नाही. निघतोच मी."

"निघाल हो. कायम मेली तुमची घाई." त्या हसल्या. मग रावांनी उभ्या आयुष्यात त्यांना कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने, अख्ख्या सभागृहाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "विद्याधर! जागा धरलीय!"

फोन बंद झाला.

म्हातारी चिंचेपाशी उभी होती. कधी आली ते रावांना कळलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पलीकडच्या दगडाकडे बघत होती.

त्यावर एक पांढरा हातरुमाल पसरलेला होता. मोरपंखी काठाचा.

"विद्याधर," म्हातारी म्हणाली. अगदी स्पष्ट.

रावांनी झडप घालून तो ओढला. हातरुमाल हलला नाही. बोटांना दगडच लागत राहिला.

त्यांनी हात सोडला आणि ते ताठ उभे राहिले. पळायला हवं होतं. जीप वळणावरच होती, हॉर्नही ऐकू येत होता.

पण पायांवर आता कसलाच भार नव्हता. उभ्या उभ्याच त्यांना बसल्यासारखं वाटत होतं.