तपकिरी कागदावरचा पाय

ईस्टरला आठ दिवस उरले होते आणि व्हर्लीनला बूट घ्यायचे होते. आई, म्हणजे ओझेला, सकाळीच गोऱ्यांच्या घरी इस्त्रीला गेली. जाताना पैसे रुमालात बांधून तिच्या हातात दिले. सोबत व्हर्लीनच्या पायाचा कागद दिला.

गावातल्या गोऱ्याच्या दुकानात काळ्या माणसाने बुटात पाय घालून बघायचा नाही, असा नियम होता. म्हणून रेल्वेच्या रुळापलीकडच्या काळ्यांच्या वस्तीत सगळेच घरी तपकिरी कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवत आणि तो आकार कापून दुकानात नेत.

"खाली बघायचं," आईने निघताना बजावलं. "'हो साहेब' म्हणायचं. आणि सूर्य झाडांच्या खाली जायच्या आत घरात."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे म्हणणारीच विसरते."

विसरली नाही, पण व्हर्लीनच्या हातून कागद पाण्याच्या बादलीत पडला आणि त्याचा लगदा झाला. आईला कळलं तर ती पीचच्या झाडाची छडी व्हर्लीनलाच तोडून आणायला लावणार. पातळ आणली तर दुसरी आणायला पाठवणार. तेव्हा व्हर्लीनला आईच्या बायबलमध्ये ठेवलेला, असाच कापलेला पायाचा कागद आठवला. जुना, विटलेला. कुणाचा, ते आईने कधी सांगितलं नव्हतं. व्हर्लीनने त्यावर पाऊल ठेवून पाहिलं. अंगठाभर मोठा होता. पुढे कापूस कोंबला की झालं.

दुकानात चामड्याचा आणि पॉलिशचा वास कोंदला होता. ती मान खाली घालून उभी राहिली. दुकानदाराने कागद बुटात सरकवला.

"बसतोय. पण जोड एकच? आणि आलात दोघं?"

"मी एकटीच आहे, साहेब."

"मग याला काय दारातून वाऱ्याने आणलं? सांग त्याला, काउंटरला टेकू नकोस म्हणावं."

व्हर्लीनला वर बघता येत नव्हतं. तिने फरशीकडेच पाहिलं. तिच्या पायांशेजारी दोन अनवाणी पाय होते. घोट्यापर्यंत लाल धूळ. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली.

"माझ्या डोळ्यांत बघतोय..." दुकानदाराचा आवाज खाली आला. "याला खाली बघायला शिकवलं नाही का कुणी? सांजेच्या आत घेऊन जा याला. नाहीतर आम्ही शिकवू."

घरापर्यंतचा रस्ता मैलभर होता. बुटांचा खोका छातीशी धरून ती भराभर चालली. ते पायही चालले. तिच्या पावलांचा आवाज येत होता, त्यांचा नव्हता. एकदाच तिने धीर करून मान वर केली. शेजारी कुणीच नव्हतं. मान खाली केली, की पाय होते.

आई घरी आलेली होती. तिने खोका उघडला, बुटातून कागद काढला आणि तशीच खुर्चीवर टेकली. व्हर्लीन स्वतःहून म्हणाली, "छडी आणू?"

"दार लाव."

तिने कडी घातली. आईने उठून दुसरी कडी घातली, खिडक्यांच्या खुंट्या दाबल्या. मग परत खुर्चीवर बसून बोलू लागली.

"हा माझ्या भावाचा. तुझ्या लुशियस मामाचा. बारा वर्षांचा होता. बूट आणायच्या शनिवारी मी त्याचा हा कागद लपवला. थट्टेत गं... मी नऊ वर्षांची होते. तो तसाच गेला. कागद नाही म्हणून बुटात पाय घालून बघितला. वर दुकानदाराला म्हणाला, माझाच पाय आहे, स्वच्छ आहे." तिने कागद मांडीवर सरळ केला. "सांजेला गोरी माणसं आली, त्याला ओढत घेऊन गेली. आम्हाला परत मिळाला तो अनवाणी."

"आई, त्याची करंगळी..."

"दुमडलेली होती. तुला कुणी सांगितलं?"

व्हर्लीनने फरशीकडे बोट दाखवलं.

आईने बघितलं. ती ओरडली नाही. तिने किराण्याची पिशवी फाडून जमिनीवर पसरली आणि गुडघे टेकले. "ये, उभी राहा." पेन्सिल व्हर्लीनच्या पायाभोवती गुदगुल्या करत फिरली. मग आईने कागद थोडा डावीकडे सरकवला.

"आता तू. हलू नकोस रे... हलायचास नेहमी."

पेन्सिल पुन्हा फिरली. करंगळीपाशी थांबली, आत वळली, पुढे गेली. बाहेर सूर्य झाडांखाली गेला होता.

आईने कागद उचलला. व्हर्लीनने पाहिलं. तो बारा वर्षांच्या मुलाचा पाय नव्हता. जुन्या कागदापेक्षा चांगला चार बोटं मोठा होता, पुऱ्या वाढलेल्या माणसाचा.

"हे बूट त्याला लहान होतील," आई कागद कापत म्हणाली. "पुढच्या शनिवारी त्याला परत घेऊन जा. आणि वाटेत शिकव त्याला... खाली बघायचं."